मोकळ्या जागेचा नंबर

एका जंगलात दाजीबा नावाचं एक साळिंदर होतं आणि त्याचं अक्षर फार सुंदर होतं. मुलांनो, पुढचं सगळं संकट या सुंदर अक्षरामुळे आलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मागच्यांनो, चुळबुळ थांबवा. गोष्ट पाण्याची आहे आणि मध्ये कोणाला पाणी प्यायला सोडणार नाही.

दाजीबा वाघ महाराजांच्या दरबारात कारकून होता. लेखणी शोधायला त्याला कुठं जावं लागत नसे. पाठीवर हात फिरवला की एक हाती यायची. जंगलात एकेचाळीस घरं होती आणि त्या एकेचाळीस घरांची यादी दाजीबा पळसाच्या पानांवर लिहायचा.

त्याची लिहिण्याची एक रीत होती. एका ओळीत एकच नाव. मग बोटभर मोकळी जागा. मग दुसरं नाव. पानाच्या वर मोकळी जागा, खाली मोकळी जागा. "नावांना जरा हवा लागली पाहिजे," असं तो म्हणायचा. गर्दी त्याला सहनच होत नसे. पाठीवर काटे असले की गर्दी कोणाला आवडेल, सांगा.

आणि त्याला एक खोड होती. काही काही नावांखाली तो बारीक अक्षरात शेरा मारायचा. अस्वलाच्या नावाखाली ‘झोपेत आहे, नंतर विचारणे’. तरसाच्या नावाखाली ‘हसतो ते मनावर घेऊ नये’. घोरपडीच्या नावाखाली नुसतंच ‘तपासून घेणे’. असे अठरा शेरे होते. ते फक्त त्याच्या स्वतःसाठी होते. यादीत पहिलं नाव महाराजांचं आणि शेवटचं दाजीबाचं. कारकुनानं स्वतःला शेवटी लिहावं, असं त्याला त्याच्या आजोबांनी शिकवलं होतं. भला माणूस, म्हणजे भलं साळिंदर. अशांचं काय होतं ते आता ऐका.

त्या साली पाऊस दडी मारून बसला. ओढे आटले, झरे आटले, जंगलात एकच डोह उरला. डोहावर मारामाऱ्या सुरू झाल्या. महाराजांनी हुकूम काढला की यापुढे यादीप्रमाणे पाळी लागेल. पाळी येईल त्यानं घरच्यांना घेऊन पाणी प्यावं. पाळी नसताना जो तोंड बुडवील त्याचं तोंड महाराज स्वतः बघून घेतील.

हुकूम चांगला होता. पण नुसता चांगला हुकूम काढून कोणत्या राजाचं समाधान झालंय? त्याच आठवड्यात वामनराव कोल्हा शहराकडून परत आला. चार महिने तो एका इमारतीमागच्या कचरापेटीजवळ राहिला होता. त्यामुळे आता तो सल्लागार झाला होता. त्यानं सोबत एक यंत्र आणलं होतं.

"महाराज," वामनराव म्हणाला, "हल्ली यादी कोणी डोळ्यांनी वाचत नाही. माणसं यंत्राकडून वाचून घेतात. या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात."

माणसं करतात म्हटल्यावर दरबारात सगळ्यांनी माना डोलावल्या. माणसांचं कधी काही चुकलंय का?

वामनरावानं समजावून सांगितलं. प्रत्येक नावाच्या आधी एक कमान आणि नावाच्या नंतर एक कमान. पहिली उघडते, दुसरी मिटते. सगळी नावं मिळून एका मोठ्या कमानीच्या आत. यंत्र मोठ्या कमानीतून आत शिरतं आणि आत जे जे भेटेल ते एकेक करून बाहेर आणतं.

कमानी काढायचं काम अर्थातच दाजीबाकडे आलं. त्यानं जीव ओतून काढल्या. प्रत्येक नाव आपापल्या कमानीत नीट बसवलं. शेऱ्यांना शेऱ्याची वेगळी खूण केली, कोणाची गल्लत नको म्हणून. बोटबोटभर मोकळ्या जागा जिथल्या तिथं ठेवल्या. यादी इतकी देखणी झाली की त्यानं ती बायकोला, सगुणाला, दाखवायला घरी नेली. सगुणाला नुकतीच दोन पिल्लं झाली होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हो. पण आपला नंबर केव्हा येईल?"

"एकेचाळिसावा," दाजीबा म्हणाला. "दुपार टळेपर्यंत नक्की."

वामनरावानं भर दरबारात यादी यंत्रात घातली. यंत्र घुरघुरलं आणि आकडा आला: एकशे एकोणीस.

दाजीबा पुढे झाला. "महाराज, घरं एकेचाळीस आहेत."

"होती," वामनराव म्हणाला. "आपल्या राज्यात प्रजा सुखी आहे, म्हणून वाढली."

महाराजांनी मिशीवर पंजा फिरवला. पलीकडच्या जंगलात चौसष्ट घरं होती आणि ते गेली सात वर्षं महाराजांना सलत होतं. ते म्हणाले, "यंत्र उत्तम आहे."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि डोहावर सगळे जमले. पाळी पुकारायला टिटवी होती, राखण करायला रानडुक्कर होतं. एकाची पाळी किती वेळ? तर टिटवी डोहाला पायी एक फेरी मारून येईपर्यंत. दिवसाकाठी तिच्या शंभर फेऱ्या व्हायच्या आणि मग सूर्य मावळायचा. सूर्य मावळला की डोह बंद. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यंत्रातून पहिली पट्टी आली. टिटवीनं पाहिली. उलटी करून पाहिली. पट्टीवर काहीच नव्हतं.

"पहिला नंबर," टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

कोणी पुढं आलं नाही. येणार कोण? मोठ्या कमानीतून आत शिरल्याबरोबर यंत्राला आधी भेटली होती ती दाजीबानं सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा. यंत्रानं तिलाच बाहेर आणलं. टिटवी बिचारी फेरीला निघाली. रानडुक्कर खडा पहारा देत उभं राहिलं. सगळं जंगल सुकल्या घशानं बघत राहिलं आणि मोकळी जागा पाणी पीत राहिली.

दुसरा नंबर महाराजांचा. ते प्याले. तिसरा पुन्हा मोकळा. मग अस्वल. अस्वलानंतर मोकळी जागा. आणि त्याच्यानंतर टिटवीनं खणखणीत आवाजात पुकारलं, "‘झोपेत आहे, नंतर विचारणे’ यांनी पुढे यावं."

अस्वलानं वळून दाजीबाकडे पाहिलं. दाजीबानं जमिनीकडे पाहिलं. तरसाचा शेरा पुकारला तेव्हा तर सगळे हसले, फक्त तरस हसलं नाही.

संध्याकाळ झाली, शंभर पाळ्या झाल्या, डोह बंद झाला. यादीतल्या शेवटच्या सात घरांना थेंब मिळाला नव्हता. सातवं घर दाजीबाचं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. साळिंदरं कंदमुळं चघळून थोडं निभावतात, पण सगुणाचं दूध आटलं. पिल्लं आधी रडत होती, मग रडायचीही थांबली. दाजीबाला त्यांच्याकडे बघवेना. आपल्याच हातानं सोडलेल्या मोकळ्या जागा आपल्या पिल्लांचं पाणी पितायत, हे त्याला कळलं होतं आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

तो वामनरावाकडे गेला. वामनराव तोंड पुसत होता. तो बाहेरून आलेला सल्लागार, त्यामुळे त्याचं नाव यादीत नव्हतं. साहजिकच तो केव्हाही पाणी पीत असे.

"वामनराव, फार छोटं काम आहे," दाजीबा म्हणाला. "यंत्राला आत जे भेटतं त्याला बाहेर आणण्याआधी एकच प्रश्न विचारू दे. तू कमानीतलं नाव आहेस, मोकळी जागा आहेस, की शेरा? नाव असेल तर पुकारा. बाकीचं सोडून द्या."

"म्हणजे भेदभाव," वामनराव म्हणाला.

"अहो, भेदभाव कसला? ते प्राणीच नाहीत."

"हे तुम्ही म्हणता. आमच्या यंत्राला सगळे सारखे. असलेला आणि नसलेला यांत ते फरक करत नाही. इतकी समता तुम्हाला माणसांतसुद्धा मिळायची नाही."

दाजीबा महाराजांकडे गेला. महाराज पलीकडच्या जंगलाला पाठवायचं पत्र सांगत होते. पत्रात एकशे एकोणीस हा आकडा चारदा आला होता.

"महाराज, पिल्लं तहानेनं मरायला टेकलीत," दाजीबा म्हणाला.

"तू तक्रार करतोयस," महाराज म्हणाले. "आता त्या मोकळ्या जागांकडे बघ. साठ घरं आहेत त्यांची. एकानं तरी तक्रार केली? ढकलाढकली नाही, भांडण नाही, पाणीसुद्धा बेतानं पितात. अशी प्रजा मिळायला भाग्य लागतं. तू त्यांच्यापासून काही शीक."

दाजीबा घरी गेला, पिल्लांच्या अंगावरून हात फिरवला आणि पाठीचा एक काटा उपटला. मग त्या भर दुपारी त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. एक कोरं पान घेतलं आणि यादी पुन्हा लिहिली, पण कशी? नावाला नाव चिकटवून, कमानीला कमान भिडवून. मध्ये सुईच्या टोकाएवढीही जागा नाही. शेरे सगळे गाळले.  इतकं गचाळ पान त्यानं जन्मात लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर तो यंत्राजवळ गेला, जुनी यादी काढली आणि नवी घातली.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस पाळ्या झाल्या. दुपार टळायच्या आत शेवटच्या घराचा नंबर आला. सगुणा पाणी प्याली, पिल्लांच्या तोंडाला पाणी लागलं. दाजीबा डोहाच्या काठावर बसून मुसमुसून रडला. कोणी त्याला हसलं नाही. तरसही नाही.

इथं गोष्ट संपली असं वाटून कोणी उठू नका. चांगलं काम केलंय त्यानं. त्याची झाडाझडती अजून व्हायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. वामनराव चेहरा पाडून उभा होता. "महाराज, परवापर्यंत आपली प्रजा एकशे एकोणीस होती. काल संध्याकाळी यंत्रानं मोजली. एकेचाळीस. एका दिवसात अठ्ठ्याहत्तर नाहीसे झाले."

महाराज उभे राहिले. पत्र पलीकडच्या जंगलात पोचलं होतं. "कोणी केलं हे?"

"मी," दाजीबा म्हणाला. त्याला वाटलं, सांगितलं की सगळ्यांना समजेल. भोळं साळिंदर. "ते अठ्ठ्याहत्तर नव्हतेच, महाराज. साठ मोकळ्या जागा आणि अठरा शेरे. मी फक्त काढून टाकले."

"ऐकलंत? कबुली," वामनराव म्हणाला.

"नव्हते म्हणतोस," महाराज म्हणाले, "मग रोज त्यांना पाणी कसं मिळत होतं?"

दाजीबाला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचत असेल तर तुम्ही दरबारात नोकरीला लागू नका.

साक्षीला टिटवीला बोलावलं. महाराजांनी विचारलं, "तू पुकारायचीस तेव्हा ते हजर असायचे का?"

"ते गैरहजर आहेत असं कधी कोणी म्हटलं नाही," टिटवी म्हणाली. तिलाही डोहावर पाणी प्यायचं होतं.

निकाल लागला. अठ्ठ्याहत्तर प्रजाजनांना एका दुपारी नाहीसं केल्याबद्दल दाजीबाची कारकुनी गेली. शिक्षा अशी ठरली की यादीतून त्याचं नाव पुसावं आणि त्या ठिकाणी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढ्यांना धडा मिळेल. जुनी यादी परत यंत्रात घातली. अठ्ठ्याहत्तर जण पुन्हा जिवंत झाले. त्यांच्या छळाबद्दल दोन मिनिटं शांतता पाळली. ‘तपासून घेणे’ या अनुभवी शेऱ्याला मुख्य तपासनीस नेमलं. आणि झाल्या अन्यायाची भरपाई म्हणून महाराजांनी जाहीर केलं की यापुढे डोहावर आधी सगळ्या मोकळ्या जागा आणि शेरे पाणी पितील, नावं मागून. महाराजांचं स्वतःचं नावही मागून. टाळ्या पडल्या. महाराजांच्या त्यागावर मोरानं लगेच नाच बसवला.

दाजीबा घरी आला.  "आपलं नाव गेलं," तो म्हणाला. "आता आपण यादीत नाही."

सगुणानं पिल्लं पाठीशी घेतली. "नाव असताना काय मिळत होतं?" ती म्हणाली. "चला, डोहावर जाऊ. हाकललं तर परत येऊ."

सकाळ झाली होती. टिटवीनं पहिला नंबर पुकारला, म्हणजे काहीच पुकारलं नाही. काठावर कोणी हललं नाही. मग सगुणा पुढं झाली आणि तिच्या मागं दाजीबा.

रानडुकरानं वाट अडवली. "कोण तुम्ही?"

"कोणी नाही," दाजीबा म्हणाला.

"यादीत नाव आहे?"

"नाही. नावाच्या जागी मोकळी जागा आहे."

रानडुकरानं टिटवीच्या हातातली पट्टी पाहिली. कोरी होती. त्यानं दाजीबाकडे पाहिलं. हुकुमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. ते बाजूला झालं. दाजीबा, सगुणा आणि दोन पिल्लं पोटभर पाणी प्याली. टिटवीची फेरी संपली, पुढची कोरी पट्टी आली, तेव्हा चौघं पुन्हा प्याली. त्या दिवशी दाजीबाच्या घरचे सात वेळा पाणी प्याले आणि पिल्लं काठावरच्या चिखलात लोळून आली.

जंगलातले प्राणी काही आंधळे नव्हते. दुसऱ्या दिवशी दरबाराबाहेर ही भलीमोठी रांग लागली. सगळ्यांना शिक्षा हवी होती. सशानं महाराजांच्या तोंडावर जांभई दिली. त्याचं नाव पुसलं. घोरपडीनं महाराजांना वय विचारलं. तिचं पुसलं. अस्वल तर आपणहून दरबारात झोपलं आणि मोठ्यानं घोरलं. टिटवीनं आणि रानडुकरानं एकाच दिवशी रजेचा अर्ज न देता दांडी मारली. महाराज चिडून नावं पुसत राहिले. वामनराव रोज आकडा वाचून दाखवत होता. एकशे एकोणीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. राज्य स्थिर होतं.

महिन्याभरात यादीत एकच नाव उरलं. ते पहिलं होतं आणि महाराजांचं होतं. बाकी एकशे अठरा कोऱ्या पट्ट्या आणि शेरे. हुकुमाप्रमाणे ते सगळे आधी. शंभर पाळ्या झाल्या की सूर्य मावळायचा.

महाराज तीन दिवस काठावर बसून होते. चौथ्या दिवशी त्यांच्या घशातून आवाज निघेना. त्यांनी वामनरावाला खुणेनं बोलावलं.

"माझा नंबर केव्हा?"

"एकशे एकोणिसावा, महाराज."

"यंत्राला सांग," महाराज खरखरत म्हणाले, "की बाबा, समोर कोण आहे ते आधी विचारत जा."

"सांगितलं असतं," वामनराव म्हणाला, "पण मोकळ्या जागांना आधी पाणी, हा हुकूम आपणच काढलाय. आणि मला आज पलीकडच्या जंगलात बोलावलंय. त्यांनाही यंत्र हवंय. चौसष्ट घरं आहेत, दोनशेपर्यंत सहज जातील." आणि तो पाणी पिऊन निघून गेला.

महाराजांनी डोहाकडे पाहिलं. कोरी पट्टी पुकारली गेली होती. एक साळिंदर आणि त्याचं कुटुंब पाणी पीत होतं. पिल्लं पाणी उडवत होती आणि त्यातले दोन-चार थेंब महाराजांच्या मिशीवर पडले. महाराजांनी जिभेनं ते चाटले. मग त्यांनी नजर उचलली.

"तू कोण रे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, महाराज," दाजीबा म्हणाला.

 हुकूम त्यांचाच होता आणि सही त्यांचीच होती.

"मग पी," ते म्हणाले.

तात्पर्य: मुलांनो, उद्या शाळेत बाई हजेरी घेतील तेव्हा आपलं नाव आलं की ‘हजर’ म्हणून ओरडायची घाई करू नका. यादीत नाव असलेल्याला तहान लागते, तो तक्रार करतो आणि मग त्याची चौकशी होते. जो नसतो त्याच्यासाठी वाट मोकळी असते आणि दरबारही त्याच्यावर खूश असतो. म्हणून मोठे व्हा, खूप शिका आणि कोणत्याही यादीत मोकळी जागा व्हा. आता उठा आणि पाणी प्या. ज्यांचं नाव मला माहीत आहे त्यांनी मात्र शेवटी.